सासऱ्याच्या टोपीतलं पाणी

४ मार्च
आज सकाळी मेंढ्या सोडायच्या आधी चॅपेलमागच्या झऱ्यावर गेलो. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून डोक्यावरची टोपी काढली आणि धारेखाली धरली. टोपी काठोकाठ भरली. समाधान वाटलं. डोळे मिटून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सावकाश म्हटलं. डोळे उघडले तेव्हा पाणी टोपीत नव्हतं, माझ्या चपलांत होतं.

निष्कर्ष: टोपी जुनी झाली. माझ्या लग्नातली आहे, होणारच.

आमच्या मुलीचं, सेल्साचं लग्न यंदा मे महिन्यात करायचं आहे. फादर वर्षातून एकदाच बोटीने तळ्यापलीकडच्या पुनो शहरातून येतात आणि बेटावरची सगळी लग्नं एकाच रविवारी लावून देतात. मे चुकला की वर्ष गेलं. त्याआधी नवऱ्या मुलाने स्वतः विणलेल्या टोपीत पाणी राहतं का, हे मुलीच्या बापाने पाहायचं असतं. बाकीचे लोक तांब्याने ओततात. आमच्याकडे तसं नाही. माझ्या बायकोच्या, नातिविदादच्या वडिलांनी स्वतःच्या टोपीतून झऱ्याचं पाणी आणून माझ्या टोपीत ओतलं होतं. आधी बापाची टोपी, मग जावयाची. सेल्साच्या वेळी मीही तसंच करीन, असं मी त्यांना, ते मरणपंथाला असताना, सांगितलं आहे.

संकल्प: ईस्टरपर्यंत नवी टोपी. माझ्याइतकी घट्ट वीण बेटावर कोणाची नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणत. हल्ली म्हणत नाहीत, पण एकदा मान्य झालेली गोष्ट रोज कोण बोलतं?

८ मार्च
टाके घातले. सुया सायकलच्या तारांच्या. बेटावर एकही सायकल नाही, तारा पुनोच्या बाजारातून येतात. पूर्वीच्या सायकली चांगल्या होत्या. हल्लीच्या तारेचं एकच टोक दोन दिसतं.

लोकरीतही गडबड आहे. नातिविदादला म्हटलं, यंदा सूत धूसर कातलंयस. ती म्हणाली, सूत धूसर कसं कातायचं ते दाखवा तरी. मग म्हणाली, अहो, पुनोला डोळ्यांचा डॉक्टर बसतो, एकदा जाऊन या. मी तिला अंगणात नेलं. तळ्यापलीकडच्या बर्फाच्या डोंगरावर ढग कुठे टेकलाय ते सांगितलं. धक्क्याकडे येणारी बोट कोणाची, तिच्यात कोण बसलंय, कोणाच्या मांडीवर कोंबडी आहे, तेही सांगितलं. डोळे गेलेल्या माणसाला कोंबडी दिसते का? ती म्हणाली, आपल्याला कोंबडीला टोपी घालायची नाहीये.

संकल्प: बायकोशी वाद घालायचा नाही.

१० मार्च, रविवार
मिस्सा झाल्यावर सगळे पुरुष नेहमीप्रमाणे चौकातल्या भिंतीवर विणायला बसलो. दामासो शेजारी. तो नातिविदादचा भाऊ, म्हणून शेजारी. म्हणाला, दाजी, टोपी विणताय की पतंग उडवताय? हात लांब करून विणलं की छाती मोकळी होते, असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, अजून थोडी मोकळी केलीत तर सुया बोलिव्हियात पोचतील. भिंत हसली. मीही हसलो. हसताना काही टाके सुटले. ते त्याच्यामुळे सुटले, याची नोंद असावी.

सेल्साचा नवरा मुलगा तेओफिलोही होता. हसला नाही. पोरगा गंभीर आहे. त्याची टोपी कधीच झाली आहे आणि तो ती डोक्यावर घालून फिरतो, अविवाहितांची, पांढऱ्या शेंड्याची. मागून घेऊन चाचपली. टाक्यांमध्ये नख शिरत नाही. म्हटलं, ठीक आहे, पण काय ते पाणी सांगेल. त्याने विचारलं, काका, तुमची कधी होणार? प्रश्न उद्धट नव्हता. पण त्यात घाई होती. घाई बरी नाही.

१७ मार्च, रविवार
लिमाहून मिलाग्रोसबाई आल्या. परदेशातल्या एका फेअर ट्रेड कंपनीसाठी त्या आमच्या सोसायटीच्या दुकानातून टोप्या निवडणार आहेत. कंपनीचे विचार उत्तम आहेत. विणणाऱ्याला योग्य दाम, मेंढीला त्रास नाही, तळ्यात रंग नाही, लहान मुलांना काम नाही. बाई येणार म्हणून सकाळीच सगळ्या पोरांच्या सुया काढून घेतल्या होत्या. पोरं चौकात हात लोंबकळत ठेवून उभी होती. रिकाम्या हातांचं काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. बाईंनी मला विचारलं, तुम्ही केव्हा शिकलात? म्हटलं, आजोबांनी शिकवलं तेव्हा. हे खोटं नाही. चोरी नको, खोटं नको, आळस नको, एवढे तीन नियम आम्हाला शाळेच्या आधीपासून पाठ असतात.

बाईंनी दामासोची टोपी उलटसुलट केली. म्हणाल्या, फारच सुबक, पण मशीनची वाटते. मग माझी अर्धी झालेली टोपी घेतली आणि उजेडात धरली. म्हणाल्या, इथे माणसाचा हात दिसतो. नक्षीतल्या एका चिमणीला डोकं नव्हतं, तिच्यावर त्यांनी हळूच बोट ठेवलं. मी सांगितलं, ती झोपली आहे. बाईंनी ते लिहून घेतलं.

दामासोला मी काही बोललो नाही. नम्रता. परत येताना त्याच्या घरावरून मुद्दाम फिरून आलो, तेव्हाही काही बोललो नाही.

३१ मार्च, ईस्टर
टोपी झाली नाही. पवित्र आठवड्यात वारा फार होता.

तेओफिलोचे वडील आले. रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांच्या चंचीतली कोकाची पानं घेतली आणि बराच वेळ चघळत बसलो. मग ते म्हणाले, व्याही, मे जवळ येतोय. मी म्हटलं, मे दरवर्षीच येतो. त्यांनी आणखी एक पान तोंडात टाकलं आणि उठले. समजूतदार माणूस आहे.

ते गेल्यावर सेल्सा म्हणाली, बाबा, तांब्याने ओता की. सगळे ओततात. मी तिला तिच्या आजोबांची आठवण करून दिली. ती म्हणाली, आजोबांना लग्न लावायचं होतं. म्हणजे काय, ते कळलं नाही. ती आत जाऊन मागावर बसली. नवऱ्यासाठी पट्टा विणते आहे, त्यात रीतीप्रमाणे स्वतःचे केस घालून. तिची वीण माझ्यावर गेली आहे.

९ एप्रिल
झाली! चिमण्या सगळ्या नाहीत, पण जागा सगळ्यांच्या आहेत.

लगेच पाणी घालणं चूक. लोकर बसायला हवी. नव्या टोपीला आधी डोक्याची ओळख पटली पाहिजे. पंधरवडा डोक्यावर ठेवून मग झऱ्यावर नेईन. चर्चमध्ये संत सांतियागोच्या मूर्तीपुढे उभं राहून त्यालाही हा बेत सांगितला. त्याने हरकत घेतली नाही.

२१ एप्रिल, रविवार
मोठी बातमी. मिलाग्रोसबाई पुन्हा आल्या आणि कंपनीने माझी टोपी पसंत केली. माझीच. कॅटलॉगमध्ये फोटो येणार. टोपी डोक्यावर, मागे तळं, सुया हातात, आणि हसू नका म्हणाल्या, लांब बघा. लांब बघणं मला जमतं. टॅगवर लिहिणार आहेत की सिप्रियानो युक्रा यांची टोपी इतकी घट्ट असते की तिच्यात पाणी राहतं. बाईंनी विचारलं, हे खरं ना? मी म्हटलं, आमच्याकडे तशी रीतच आहे. रीत आहे, यात खोटं काय?

बाईंना तीच टोपी हवी होती. डोक्यावरून काढून दिली. देताना मन हलकं झालं, ते दानामुळे असावं.

घरी सांगितलं. सेल्साने विचारलं, मग आता पाणी कशातून आणणार? म्हटलं, दुसरी विणतो, हात आता बसला आहे. आज नातिविदादच्या मागाचे ठोके फार जोरात पडत होते.

२८ एप्रिल
चंचीत हात घातला तर कोकाच्या पानांत चष्मा. नातिविदादने पुनोच्या बाजारातून आणवला असणार. मी रागावलो नाही. मेंढ्यांच्या वाड्यामागे गेलो आणि तो निरुपयोगी आहे, हे सिद्ध करण्यासाठी एकदाच डोळ्यांवर चढवून विणकामाकडे पाहिलं.

चष्मा सदोष आहे. नसलेली भोकं दाखवतो.

वाड्याच्या भिंतीतला एक दगड सरकवून त्याच्यामागे ठेवून दिला. कोणा मेंढीला लागू नये.

९ मे
दुसरी टोपी झाली. ही माझी आयुष्यातली उत्तम टोपी आहे. घाईत विणली असली तरी.

झऱ्यावर जाऊन आलो. यंदा पाणी पातळ आहे. पंचायतीने वर नवा पाइप बसवल्यापासून त्याच्यात पूर्वीचा दाटपणा राहिला नाही. दामासोला हे सांगितलं. तो म्हणाला, दाजी, मग रविवारी सूप आणा टोपीतून. हा माणूस कधी गंभीर होत नाही.

धरणीमायला कोकाची चांगली पानं निवडून दिली. माझ्यासाठी काही मागितलं नाही. फक्त पाण्याबद्दल थोडं बोललो.

१२ मे, रविवार
पुढच्या रविवारी फादर येणार, म्हणून आज पाहणी ठेवली. अंगणात दोन्हीकडची माणसं. तेओफिलो मधे उभा, टोपी दोन्ही हातांत धरून, केस पाण्याने बसवलेले. सेल्साने तो पट्टा पूर्ण करून खुंटीला टांगला होता.

मी एकटा झऱ्यावर गेलो. टोपी भरली, खाली दोन्ही तळवे घट्ट धरले आणि चालू लागलो. धावणं शोभत नाही, म्हणून आधी चाललो. चॅपेलपाशी आल्यावर धावलो.

अंगणात पोचलो तेव्हा बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि पायजम्याला पुढून ओल होती. सगळे बघत होते. मी टोपी तेओफिलोच्या टोपीवर उपडी केली. थेंब पडले. थोडे होते, पण थेंब होते.

तेओफिलोने ते थेंब घेऊन अंगणाला नीट फेरी मारली, एक पाऊलही घाईचं नाही. सांडलं नाही. दामासो म्हणाला, दाजी, हे पाणी होतं की नुसता आशीर्वाद? हसले सगळे. तेओफिलोचे वडील हसले नाहीत. मग ते म्हणाले, व्याही, झालं ना? आता तोंड गोड करू.

मी म्हटलं, पाहणी पूर्ण झाली नाही. एवढ्याशा पाण्यावरून टोपीचं काय कळणार? पुन्हा करावी लागेल.

तेओफिलो पुढे आला. म्हणाला, काका, तांब्या घ्या. तुमच्या हाताने भरून आणा, तुम्ही म्हणाल तेवढा वेळ धरून उभा राहतो. त्याने चांगल्या भावनेने म्हटलं असेल. पण सगळ्यांसमोर म्हटलं. मी सांगितलं, या घरात तांब्या चालत नाही. सेल्सा म्हणाली, बाबा, तुमच्या टोपीत पाणी राहिलं नाही तर माझं लग्न का थांबायचं? मी म्हटलं, टोपीत पाणी होतं, सगळ्यांनी पाहिलं. ती माझ्या बाह्यांकडे बघत राहिली.

भाजलेले बटाटे आणि मासे तसेच राहिले. मेंढ्या मासे खात नाहीत.

संकल्प: तिसरी टोपी. शनिवारपर्यंत.

१८ मे
तिसरी टोपी अर्धी. चिमण्या घेतल्याच नाहीत, वेळ वाचावा म्हणून.

१९ मे, रविवार
फादर आले. यंदा बरीच लग्नं होती. चर्चमध्ये मागे उभा राहिलो. नवरदेवांनी पांढऱ्या शेंड्याच्या टोप्या उतरवून लाल घातल्या. माझ्या शेजारी दामासो. आज त्याने काहीही विनोद केला नाही. ते जास्त खटकलं.

सेल्सा घरी होती. आल्यावर म्हटलं, पुढच्या मेपर्यंत माझी वीण आणखी घट्ट होईल. तिने होकार दिला. म्हणजे मान हलवली.

२१ मे
सकाळच्या बोटीने सेल्सा पुनोला गेली, मीठ आणि माचिस आणायला. मोठं गाठोडं घेऊन गेली, कारण परत येताना सामान असणार. तेओफिलोही त्याच बोटीत होता. त्यालाही मीठ लागलं असेल.

मी अंगणाच्या भिंतीवर उभा राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत पाहत होतो. त्याच्या कमरेला तो पट्टा होता. उन्हात त्यातले सेल्साचे केस चमकताना दिसले. इतक्या लांबून.

माझे डोळे उत्तम आहेत.

२४ मे
शुक्रवारची बोट आली. कोण कोण उतरलं ते मी वरूनच पाहिलं, खाली जावं लागलं नाही.

तेओफिलोची टोपी आमच्या भिंतीवर सापडली, दगडाखाली ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून. विसरला असेल. आल्यावर देईन. पट्टा होता त्या खुंटीवर टांगून ठेवली.

२ जून, रविवार
नातिविदाद फोनवर बोलत होती. मी आत गेलो तशी आवाज उतरवून बोलू लागली. विचारलं तर म्हणाली, अरेकिपा शहरात तेओफिलोला कामाला घेतलंय, स्वेटरच्या कारखान्यात, मशीनवर. मी म्हटलं, त्याच्या हाताची वीण तशीही मशीनसारखीच होती. ती उठून बाहेर गेली. मी विनोद केला होता.

९ जून, रविवार
मिलाग्रोसबाईंनी कॅटलॉग आणला. चौकात सगळ्यांनी पाहिला. माझा फोटो पान भरून. खालचा मजकूर फार बारीक छापला आहे, कंपनीने एवढ्या खर्चात शाई वाचवायला नको होती. दामासोने मोठ्याने वाचून दाखवला. पाणी राहतं, या शब्दांशी आला तेव्हा थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. दाजीसुद्धा म्हणाला नाही.

गिऱ्हाइकांना टोपी इतकी आवडली की बाईंना आता सगळ्यांच्या तशाच हव्यात. सैलसर, हात दिसेल अशा. सुबक नकोत, सुबक परत येतात. भिंतीवर बसलेले सगळे हात सैल करायला शिकत होते. कठीण असतं ते. जन्मभर आवळलेला हात सुटत नाही. दामासोने शेवटी डोळे मिटून विणून पाहिलं आणि म्हणाला, जमलं. त्याच्या चिमणीला डोकं नव्हतं. बाई गेल्यावर पोरांना सुया परत दिल्या. तीही सैलच शिकू लागली, कारण समोर तेच होतं.

सगळे मला मास्तर म्हणतात. कसं करता ते दाखवा म्हणतात. मला दाखवता येत नाही. मी घट्ट विणतो.

१६ जून, रविवार
भिंतीवर गेलो नाही. गुडघा.

२४ जून, सान हुआनचा सण
रात्री पाणी गोठलं होतं. ऊन चांगलं वर आल्यावर वाड्यामागे गेलो, दगड सरकवला आणि चष्मा काढला. काच पुसली. लावला. तिसरी टोपी खिशातच होती, ती पाहिली. मग डोक्यावरची काढून पाहिली. बराच वेळ पाहिली. मेंढ्या जवळ येऊन गेल्या.

घरात येऊन खुंटीवरची तेओफिलोची टोपी घेतली आणि झऱ्यावर गेलो. धारेखाली धरली. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. मग दुसऱ्यांदा म्हटलं. पाणी होतं तिथेच होतं. त्यात चष्मा लावलेला एक म्हातारा दिसत होता.

तशीच घेऊन घरी आलो. चॅपेलपाशी धावावं लागलं नाही. अंगणात नवऱ्या मुलाने मारायची ती फेरी त्याच्या वतीने मीच मारली. नातिविदाद मागावर होती. ठोके थांबले. मी मधे उभा राहून मोठ्याने सांगितलं की पाहणी झाली, टोपी गळत नाही, या लग्नाला माझी संमती आहे.

ती म्हणाली, लग्न गेल्या महिन्यातच लागलं, अरेकिपाला, सरकारी कचेरीत. फोनवर सांगते तिला.

मग तिने माझ्या डोळ्यांवरच्या चष्म्याकडे पाहिलं. पाणी वाया का घालवायचं म्हणाली आणि पातेलं पुढे केलं. मी ओतलं. तिने त्यात बटाटे शिजत घातले. आम्ही दोघांनी खाल्ले.

टोपी भिंतीवर वाळत घातली आहे. वाळायला वेळ लागेल. वीण फार घट्ट आहे.